धुतलेली नोट

लॉन्ड्री होती दोघी बहिणींची, पण गल्लीत सगळे तिला थोरलीची लॉन्ड्री म्हणायचे. धाकटी पुढे काउंटरवर बसायची, पावत्या फाडायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. थोरली मागच्या खोलीत मशीन आणि इस्त्रीच्या टेबलापाशी असायची, बाहेर क्वचितच यायची. तरी नाव तिचंच. कॉलरवरचा पिवळा पट्टा काढावा तर तिनं, असं लोक म्हणत. धाकटी यावर म्हणायची, "दिवसभर तोंड वाजवायचं मी आणि कौतुक हिचं."

दुकान वडिलांनी सुरू केलेलं. थोरलीचा नवरा लवकर गेला, तेव्हा ती कडेवरच्या मुलाला घेऊन माहेरी परत आली. धाकटीनं लग्न केलंच नाही. वडील गेल्यावर दुकानावरच्या दोन खोल्यांत तिघंच उरले. मुलाला सगळे ससा म्हणत, कारण लहानपणी त्याचे पुढचे दोन दात ओठांबाहेर डोकावत. आता तो पंचविशी ओलांडलेला, दाढी राखलेला बाप्या झाला होता, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकानाची जुनी व्हॅन तो चालवायचा. पलीकडच्या रस्त्यावरच्या लॉजच्या चादरी, डॉक्टरांचे पडदे, घरोघरचे कपडे आणायचे आणि पोचवायचे, हे त्याचं काम.

सशाचं एक जुनं प्रकरण होतं. मध्यंतरी त्याला पत्त्यांचा नाद लागला होता आणि गल्ल्यातून दोनदा पैसे गेले होते. दुसऱ्यांदा थोरलीनंच त्याला पकडलं. तो रडला, आईच्या पायावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, आणि खरोखरच कानाला खडा लावला. परत तो त्या वाटेला गेला नाही. थोरलीनंही तो विषय पुन्हा काढला नाही. पण तेव्हापासून पुढे गल्ल्याचा खण उघडल्याचा आवाज झाला, की मागे तिचे हात क्षणभर थांबत.

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासणं हे थोरलीचं काम. खिशांतून काय काय निघायचं. किल्ल्या, बटणं, विरघळलेल्या गोळ्या. एकदा तर दातांची कवळी निघाली, आणि तिचा मालक आठवडाभर "माझी नव्हेच" म्हणत ओठ मिटून हिंडत होता. निघेल ती वस्तू कपड्यांबरोबर परत जायची. इतकी वर्षं झाली, एक सुटं नाणंसुद्धा कधी इकडचं तिकडं झालं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांचे पांढरे कोट या बहिणींकडेच धुवायला येत. औषधवाले वडिलांच्या बैठकीतले, त्यामुळे दोघी त्यांना काका म्हणत. त्या दिवशी आलेल्या एका कोटाला आतल्या बाजूनं छोटा खिसा शिवून घेतलेला होता. थोरलीच्या तो लक्षात आला नाही. कोट धुऊन निघाला तेव्हा अस्तराला काहीतरी कडक लागलं म्हणून तिनं बोट घातलं, तर चार घड्यांची मोठी नोट. चांगली भिजून, पिळून निघालेली.

तिनं ती हलक्या हातानं उलगडली, इस्त्रीच्या टेबलावर पंच्यावर पसरली, जरा सुकल्यावर वरून इस्त्री फिरवली, आणि तिथंच ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. मधल्या वेळात ससा आला. त्याच टेबलावरचे इस्त्रीचे गठ्ठे उचलून त्यानं व्हॅनमध्ये भरले आणि निघून गेला. थोरली खाली आली तेव्हा नोट जागच्या जागी होती. तिनं ती धाकटीकडे दिली.

संध्याकाळी धाकटी स्वतःच कोट पोचवायला गेली. "काका, नोटसुद्धा धुऊन इस्त्री करून आणलीय," ती म्हणाली, "तिची मजुरी वेगळी पडेल."

औषधवाले हसले. हसता हसताच त्यांनी सवयीनं नोट काउंटरवरच्या दिव्याखाली धरली. पूर्वी एकदा त्यांची मोठी फसवणूक झाली होती, तेव्हापासून तो जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा त्यांनी घेतला होता. बायकोनं दिलेली नोटसुद्धा ते त्याच्याखाली घातल्याशिवाय ठेवत नसत. खऱ्या नोटेचा कागद त्या उजेडात मंदच राहतो, नुसता आतला धागा आणि एखाददुसरा तंतू चमकतो. ही नोट मात्र सगळीच्या सगळी निळसर पांढरी उजळली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. खऱ्या नोटेवरची छपाई किंचित खरखरीत लागते, ही गुळगुळीत होती. उजेडाकडे धरून आतला पुसट चेहरा पाहिला. तो होता, पण कडा धूसर वाटल्या. औषधवाल्यांचं हसू मावळलं.

धाकटीला ते काही बोलले नाहीत. दुकान बाजूच्या माणसावर सोपवून ते थोड्या वेळानं तिच्या मागोमाग लॉन्ड्रीत आले. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. औषधवाले माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. नोट काउंटरवर ठेवून ते एवढंच म्हणाले, की ही नोट खोटी आहे, आणि मी खिशात ठेवली तेव्हा ती खरी होती. तपासल्याशिवाय मी नोट खिशात घालत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

धाकटी गोंधळली. काहीतरी चूक झाली असेल, मशीनमध्ये तिचं काही झालं असेल, असं म्हणायला लागली.

"मशीनमध्ये नोट फाटेल, विरेल," औषधवाले म्हणाले. "खरीची खोटी कशी होईल, बाई?"

 थोरली मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं, पंच्यावर पसरलेली नोट आली, गठ्ठे उचलणारे सशाचे हात आले.  ससा सध्या स्वतःची सेकंडहँड व्हॅन घ्यायच्या मागे होता, आधी भरायच्या रकमेसाठी इकडून तिकडून जमवाजमव करत होता, हेही तिला आठवलं. हा विचार आता काउंटरपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाच्या डोक्यात यायला फार वेळ लागणार नव्हता. सशाचं जुनं प्रकरण गल्लीत सगळ्यांनाच थोडंफार ठाऊक होतं.

ती ओले हात पुसत पुढे आली.

"मी बदलली, काका," ती म्हणाली.

 खोटी नोट तुझ्याकडे आली कुठून, असं औषधवाल्यांनी विचारलं. कुणा गिऱ्हाइकानं गळ्यात मारली होती, खपत नव्हती, मोह झाला, असं तिनं सांगितलं. जन्मात खोटं न बोललेली बाई त्या दिवशी इतकं सरळ खोटं बोलली, की सगळ्यांचा त्यावर लगेच विश्वास बसला. तिच्या वडिलांची आठवण ठेवून आपण पोलिसांत जात नाही, एवढं सांगून औषधवाल्यांनी भरपाईची नोट घेतली. खोटी तिथंच सोडून, हिचं काय करायचं ते तुम्ही बघा, म्हणाले आणि गेले. धाकटीनं ती खणाच्या तळाशी ढकलली. तिचा चेहरा उतरून गेला होता. बहिणीला तिनं का विचारलं, कसं विचारलं, रागानं विचारलं. थोरली मागे जाऊन इस्त्रीला लागली.

ससा फेरी संपवून जेवायला आला तेव्हा त्याला मावशीकडून सगळं कळलं.  मग आईकडे वळून त्यानं विचारलं, "आई, कशासाठी केलंस?"

थोरलीनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तो अजून काहीतरी बोलेल, असं तिला वाटत होतं. तो बोलला नाही तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी करणार मी?"

सशानं मान खाली घातली. आपल्या व्हॅनच्या हट्टापायी आईनं चोरी केली, असं त्याला वाटलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरलीनं ती खाली गेलेली मान पाहिली. हा मनातून कबूल झाला, पण तोंडानं सांगायची हिंमत याच्यात नाही, असं तिनं धरून चाललं. त्या दिवशी त्या खोलीत तिघं जेवायला बसले आणि तिन्ही ताटं तशीच उचलली गेली.

गल्लीनं काही बहिष्कार वगैरे घातला नाही. लोक येत राहिले. पण काउंटरवर कपडे ठेवण्याआधी प्रत्येक जण आपले खिसे उलटे करून दाखवायला लागला. कुणी हसत करायचा, कुणी नुसतंच. खिशांची पांढरी अस्तरं बाहेर लोंबत असायची आणि धाकटी मान खाली घालून पावती फाडायची. लॉजनं चादरी दुसरीकडे दिल्या. कारण विचारलं तर म्हणाले, तसं काही नाही, मॅनेजर बदललाय.

थोरलीनं ते फार दिवस पाहिलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं हॉस्पिटल होतं. तिथं तळघरात धुलाईखाना होता आणि कामगार बायकांना राहायला खोली मिळायची. ती तिथं लागली. माझ्यामुळे दुकान बसायला नको, एवढंच धाकटीला म्हणाली. धाकटीनं तिला थांब म्हटलं नाही. रागच एवढा होता. ज्या दुकानात वडिलांनी आयुष्य घातलं तिथं हिनं हे करावं, हे तिच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

ससा सुटीच्या दिवशी आईला भेटायला जायचा. धुलाईखान्याच्या मागे अंगण होतं, तिथल्या बाकावर दोघं बसत. तो फळं न्यायचा, गुडघ्याचं तेल न्यायचा. तळघरातल्या वाफेनं तिचा श्वास लागत असे, ते त्याला ऐकू यायचं. व्हॅन घ्यायचं त्यानं सोडून दिलं होतं, पण तेही तो तिला सांगत नव्हता. आईला लाज वाटू नये म्हणून तो त्या नोटेचं नाव काढत नव्हता. आणि ती प्रत्येक वेळी वाट पाहायची, की आज हा म्हणेल, आई, माझं चुकलं. तो उठून गेला की तिला वाटायचं, एवढं माझं पोर, आणि आईला तळघरात घालून गप्प बसतं. बाहेरून मात्र ती त्याला, जपून जा रे, एवढंच म्हणायची.

असंच वर्ष सरत आलं. धाकटीला एकटीला दुकान ओढवेना. मागच्या कामाला ठेवलेली माणसं टिकत नव्हती, कपड्यांना डाग राहत होते, इस्त्री नीट होत नव्हती. शेवटी तिनं दुकान भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि आवराआवर सुरू केली. खण रिकामा करताना ती नोट हाताला लागली. फाडून टाकावी तर भीती, ठेवावी तर भीती. खोटी नोट जवळ बाळगणं गुन्हा असतो, एवढं तिला ऐकून माहीत होतं. ती सरळ बँकेत गेली आणि खिडकीत नोट देऊन म्हणाली, की ही खोटी आहे, जमा करून घ्या, फक्त मला कशात अडकवू नका.

खिडकीतल्या बाईंनी नोट घेतली. आधी दिव्याखाली धरली, मग उजेडाकडे, मग भिंगातून आतल्या धाग्यावरची बारीक अक्षरं वाचली. दुसऱ्या अधिकाऱ्याला दाखवून आणली. परत येऊन विचारलं, "ही धुतली होती का?"

धाकटी हो म्हणाली.

"नोट खरी आहे," बाई म्हणाल्या.

धाकटीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. दिव्याखाली ती चमकते ना, असं तिनं विचारलं. बाईंनी तिला हात पुढे करायला सांगितला आणि दिवा तिच्या बाहीवर धरला. बाही तश्शीच निळसर पांढरी उजळली. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत जे घातलेलं असतं ते या उजेडात चमकतं, बाईंनी समजावलं. खरी नोट त्यात भिजली की तीही चमकते. गरम इस्त्रीनं छपाईचा खरखरीतपणा दबतो. पण धागा आणि आतला चेहरा जागेवर आहे, शंकेला जागा नाही. हवी तर बदलून देते.

धाकटी बँकेच्या पायरीवर येऊन बसली. तिला हसावं की रडावं कळेना. कुणी काही चोरलंच नव्हतं. कुणी काही बदललंच नव्हतं. तिनं सशाला फोन करून व्हॅन घेऊन बोलावलं आणि वाटेत त्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. "आईनं काही केलं नव्हतं, मावशी," तो परत परत म्हणत होता. दोघं हॉस्पिटलच्या अंगणात पोचले तेव्हा सणाला घरी आल्यासारखे त्यांचे चेहरे होते.

थोरली एप्रनला हात पुसत वर आली. धाकटीनं तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, ताई, नोट खरी होती. बँकेनं सांगितलं. साबणामुळे चमकत होती.

थोरलीच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. तिनं बाकाची पाठ धरली आणि हळूच खाली बसली. तिची नजर सशावर होती, आणि त्या नजरेत असं काही होतं की धाकटीला आपल्या तोंडातले शब्द तिथंच थांबवावेसे वाटले.

ससा मात्र अजून हसतच होता. "मग तू हो का म्हणालीस, आई? न केलेली गोष्ट कशाला कबूल केलीस?"

तिनं नजर खाली वळवली. सशाचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं.

"तुला वाटलं मी केलं," तो म्हणाला.

"टेबलापाशी तूच होतास रे," ती म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"एकदा विचारायचंस."

 त्यावर ती अगदी खालच्या आवाजात, दोष न देता म्हणाली, "तूही मला कशासाठी केलंस हेच विचारलंस. केलंस का, हे नाही विचारलंस."

  धाकटीनंसुद्धा त्या दिवशी तेच विचारलं होतं. आतून कुणीतरी थोरलीला हाक मारली, मशीन थांबलं होतं. ती उठली, दोघांना बसा म्हणाली आणि खाली गेली.

पुढे सगळं रीतसर झालं. औषधवाल्यांना कळलं तेव्हा ते स्वतः हॉस्पिटलपर्यंत गेले. जिना उतरवत नव्हता तरी तळघरात उतरले आणि सगळ्या बायकांसमोर थोरलीपुढे हात जोडून उभे राहिले. भरपाईची नोट त्यांनी परत केली. आपल्या दुकानात येईल त्या प्रत्येकाला ते चूक आपली होती असं सांगत राहिले, इतकं की लोकांनाच ऐकून कंटाळा आला. दुकान भाड्यानं द्यायचं राहिलं. थोरली परत आली. लॉजच्या चादरीही हळूहळू परत आल्या. कॉलरचे पिवळे पट्टे पुन्हा निघायला लागले.

ससा भांडला नाही, बोलला नाही. काही आठवड्यांनी त्यानं लांब पल्ल्याच्या ट्रकवर नोकरी धरली. पगार चांगला आहे, म्हणाला. आईच्या पाया पडून गेला. व्हॅनवर धाकटीनं दुसरा माणूस ठेवला.

एकदा इस्त्रीचे कपडे घड्या घालताना धाकटीनं धीर करून विषय काढला. ताई, त्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं असतंस तर, असं म्हणाली.

थोरलीनं हातातली चादर झटकली, कोपऱ्याला कोपरा लावला. "विचारलं असतं, आणि तो हो म्हणाला असता तर?" ती म्हणाली. "ते ऐकायची ताकद नव्हती गं माझ्यात. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं."

धाकटीनं चादरीचं दुसरं टोक धरलं. तिला सांगायचं होतं, की त्याच्या जागी मी असते तर मलाही तू न विचारणंच मनाला लागलं असतं. पण ते थोरलीला ठाऊक होतं, म्हणून ती बोलली नाही.

ससा कधीमधी येतो, एखादा दिवस राहतो. एरवी फोन करतो, आणि तोही अगदी ठरल्या वारी. कुठल्या गावी आहे ते सांगतो, रस्ता कसा आहे ते सांगतो. ती गुडघ्याचं सांगते, दुकानाचं सांगते. जेवलास का, हे तिनं विचारण्याआधीच तो जेवलो म्हणतो. मधेच दोघं एकदम बोलायला लागतात आणि दोघंही थांबतात, आधी तू बोल, म्हणतात. फोन कधी तुटत नाही, भांडण कधी होत नाही. मायलेक एकमेकांशी फार जपून बोलतात, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं.